लिनक्सवर मोबाइलचं नेट येत नाही: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून दिलं की आठवड्याभरात हमखास फोन येतो, ‘दादा, केबल लावली, पण नेट येत नाही.’ तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे बिघाड निरनिराळे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून आधी लक्षण नीट पाहा, मग हात घाला.

टर्मिनलच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीच्या) कमांड मी इथे देवनागरीत, अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ, ‘राउट’ म्हणजे आर-ओ-यू-टी-ई. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या.

लक्षणं

फोन नुसता चार्ज होतो. फोनच्या सेटिंग्जमधली ‘यूएसबी टेदरिंग’ची (केबलवरून फोनचं नेट लॅपटॉपला देण्याची) ओळ राखाडी राहते, दाबली तरी काही होत नाही. तक्रारींतला मोठा वाटा याच लक्षणाचा असतो आणि दोष बहुतेक वेळा केबलचा निघतो.

बटण चालू होतं, पण लॅपटॉपच्या नेटवर्क यादीत काहीच उगवत नाही. किंवा दोन सेकंदांत बटण आपसूक बंद होतं.

यादीत ‘वायर्ड’ कनेक्शन दिसतं, गोल चक्र फिरत राहतं आणि पाऊणएक मिनिटाने कनेक्शन जमलं नाही असा निरोप येतो.

‘कनेक्टेड’ लिहून येतं, पण ब्राउझर ढिम्म. किंवा काही साइट पटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात. ही दोन लक्षणं वेगळी धरा, पुढे त्यांचे रस्ते वेगळे होतात.

चालता चालता तुटतं. कॉल आल्यावर तुटतं, केबल हलल्यावर तुटतं की कुणी हात न लावता तुटतं, हे लक्षात ठेवा.

काल चालत होतं, रात्री अपडेट झालं, आज नाही.

शोधताय ते योग्य जागी शोधताय ना?

बरेच जण सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल ब्रॉडबँड’ शोधत बसतात, आणि ते तिथे सापडत नाही. जीपीआरएसच्या, म्हणजे २जीवरच्या जुन्या नेटच्या, जमान्यात फोन खरोखरच मोडेम असायचा. संगणकाला तो सीरियल पोर्ट म्हणून दिसायचा, डब्ल्यूव्हीडायलसारखा प्रोग्राम त्याला *९९# हा नंबर फिरवायला सांगायचा आणि पीपीपी या जुन्या पद्धतीने जोडणी व्हायची. त्या काळातले सल्ले अजूनही फिरत असतात. आजच्या अँड्रॉइडला ते लागू नाहीत. आता इंटरनेटशी जोडणी फोन स्वतःच करतो आणि लॅपटॉपला तो यूएसबीतून जोडलेल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो. एका अर्थी तो छोटा राउटर असतो. म्हणून तो ‘वायर्ड’ या सदरात येतो, नंबर फिरवावा लागत नाही, की युजरनेम-पासवर्ड लागत नाही. कुणी डब्ल्यूव्हीडायल टाकायला सांगितलं, तर तो सल्ला निदान पंधरा वर्षं जुना आहे असं समजा. सिमकार्ड घालायचे डोंगल मात्र वेगळे. त्यांना अजूनही मोडेम मॅनेजर आणि मोडस्विच हे प्रोग्राम लागतात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही.

फुकटातल्या तपासण्या: फोनच्या पडद्यावर

सगळ्यांत आधी केबल काढा, फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर फोनमध्येच एखादी नवी साइट उघडा. आधी उघडलेली नको, ती साठवणीतून दिसू शकते. फोनवरच उघडत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. वायफाय बंद करायचं कारण असं की केबल टेदरिंगमधून फोन आपलं वायफायचं नेटही पुढे देतो. घरी वायफायवर ‘चाललं’ आणि बाहेर ‘बंद पडलं’ या कोड्याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

मग पॅक बघा. रोज दीड-दोन जीबीचा पॅक संपला की अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कसाबसा जातो, पण बँकेची साइट उघडत नाही. लक्षण मात्र हुबेहूब ‘कनेक्टेड आहे पण नेट नाही’ असंच दिसतं. पॅक सकाळीच कसा संपला याचं उत्तर लॅपटॉपमध्ये असतं. जोडणी झाल्याबरोबर उबुंटूची अपडेट्स आणि स्नॅपची (उबुंटूच्या प्रोग्राम वाटायच्या व्यवस्थेची) पॅकेजेस मागच्या दाराने उतरायला लागतात. अँड्रॉइड फोन लॅपटॉपला पत्ता देताना ‘हे नेट मोजून मिळणारं आहे’ अशी खूण सोबत पाठवतो आणि लॅपटॉपवरची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, नेटवर्क मॅनेजर, ती ओळखतो. पण ती प्रत्येक प्रोग्राम पाळेलच असं नाही. वायर्ड कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ हा पर्याय स्वतः चालू करा आणि आपोआप अपडेट बंद ठेवून घरच्या वायफायवर हाताने करा.

तिसरं, डेटा सेव्हर. फोनमध्ये हा चालू असेल, तर अँड्रॉइड टेदरिंग करूच देत नाही. घरातल्या कुणीतरी पॅक वाचवायला तो चालू केलेला असतो आणि विसरलेला असतो. वरच्या पट्टीतून खाली ओढलं की दिसतो.

चौथं, टेदरिंगचं बटण. केबल काढली की ते बंद होतं, पुन्हा लावल्यावर पुन्हा चालू करावं लागतं. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. दर वेळी सेटिंग्जच्या जंगलात शिरायचं नसेल, तर ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’मध्ये यूएसबी टेदरिंग निवडा. पुढच्या वेळी केबल लावून फोन अनलॉक केला की बहुतेक फोनमध्ये ते आपसूक चालू होतं. त्याच पानावर बाकीही बरंच काही आहे. त्याला हात लावू नका.

टेदरिंग चालू करताच फाइल मॅनेजरमधून फोनचे फोटो गायब होतात आणि कधीकधी एखादी एररची चौकटही येते. घाबरू नका. फाइल ट्रान्स्फर सोडून फोनने नेटवर्क कार्डाचं रूप घेतलं म्हणून ते झालेलं असतं. उलट ती चौकट दिसली म्हणजे केबल आणि पोर्ट दोन्ही धडधाकट आहेत.

कॉल आला की नेट जात असेल, तर लॅपटॉपला हात लावूच नका. फोनमध्ये व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) बंद असेल तर कॉलसाठी फोन ४जी सोडून २जी-३जीवर उतरतो आणि डेटा थांबतो किंवा रांगायला लागतो. दोन सिमांच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला तरी पहिल्या सिमचा डेटा अडतो. व्हीओएलटीई चालू करा, ‘कॉल चालू असताना डेटा’ असा पर्याय असेल तर तोही. नसेल तर मीटिंगपुरता दुसरा सिम बंद ठेवा.

केबल आणि पोर्ट

इथे जरा थांबून बघा, कारण बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

साध्या यूएसबी २ केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. हेडफोन, ट्रिमर, पॉवरबँक यांच्याबरोबर आलेल्या अनेक स्वस्त केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन अशा केबलवर मजेत चार्ज होतो आणि ‘केबल चांगली आहे, चार्जिंग होतंय की’ असं समोरचा ठासून सांगतो. चार्जिंग होतंय याचा अर्थ एवढाच, की चारपैकी दोन तारा चांगल्या आहेत. टेदरिंगची ओळ राखाडी राहते ती यासाठीच: पलीकडे संगणक आहे हे फोनला कळतच नाही.

तपासणी सोपी आहे. फोनवर यूएसबीची सूचना येते, ती उघडून ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडता येतं का बघा. सूचनाच नसेल किंवा सगळे पर्याय राखाडी असतील, तर केबल बदला. फोनच्या खोक्यातली मूळ केबल सगळ्यांत चांगली. विकत घेणार असाल तर दुकानात ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगा आणि तिथेच लॅपटॉपला लावून फाइल दिसते का ते पाहूनच पैसे द्या.

केबल बदलून फरक पडला नाही तर पोर्ट बदला. डेस्कटॉपला पुढच्या बाजूचे पोर्ट कॅबिनेटमधल्या लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर पुष्कळदा सैल असते. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात, म्हणून मागे लावा. हब वापरत असाल तर काढा. लॅपटॉपला दोन्ही बाजूंना पोर्ट असतील, तर दोन्हीकडे लावून पाहा.

मग फोनच्या तोंडात टॉर्च मारून बघा. खिशातला कापसासारखा कचरा तळाशी दाबून बसतो आणि केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई, सेफ्टी पिन, ब्लेडचं टोक यातलं काही चालणार नाही, आतल्या पिना वाकतात. केबल नीट बसूनही नुसत्या धक्क्याने चार्जिंगचं चिन्ह लपाछपी खेळत असेल, तर सॉकेट सैल झालं आहे. इथून पुढचं काम दुकानाचं.

अजून एक फुकटची कसोटी: त्याच फोनचा वायफाय हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप जोडा. हॉटस्पॉटवर नेट चाललं, तर सिम, पॅक, फोन सगळं सुटलं. संशय उरला केबल, पोर्ट आणि लॅपटॉपच्या यूएसबीवर. हॉटस्पॉटवरही नाही, तर केबलीचा नाद सोडा आणि खाली एपीएनच्या (मोबाइल कंपनीच्या नेटशी जोडणाऱ्या सेटिंगच्या) भागाकडे जा. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल, तर फोनमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ करा. अनेक जुन्या वायफाय कार्डांना ५ ऐकूच येत नाही. नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असून जोडत नाही, तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ वर आणा.

लॅपटॉपला फोन दिसतो का?

आता टर्मिनल. ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ ही कमांड द्या आणि खिडकी उघडी ठेवून केबल लावा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जे बघतो ते तिथे ओळीओळीने उमटतं. या एका खिडकीने माझा जितका वेळ वाचवला आहे तितका दुसऱ्या कशानेच नाही.

केबल लावल्यावर एकही ओळ उमटली नाही: डेटाच्या तारा जोडल्याच जात नाहीत. परत केबल, पोर्ट, सॉकेट.

‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ असलेल्या ओळी येत राहतात: पहिली म्हणजे बोलणं तुटक-तुटक पोचतंय, दुसरी म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपला. दोन्हींचं मूळ सहसा केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये असतं. ड्रायव्हर शोधत बसू नका.

‘ओव्हर-करंट’ असा शब्द दिसला: त्या पोर्टमधून केबल लगेच काढा आणि तो पोर्ट वापरू नका. यावर पुढे येतो.

फोनचं नाव आलं, पण टेदरिंग चालू केल्यावर पुढे काहीच नाही: आता ड्रायव्हरचा विचार करायचा. बहुतेक अँड्रॉइड फोन आरएनडीआयएस या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बोलतात आणि लिनक्समध्ये त्यासाठी ‘आरएनडीआयएस होस्ट’ नावाचं मॉड्यूल (गरज पडली की कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हर) असतं. काही नवे फोन एनसीएम पद्धत वापरतात, तिचं मॉड्यूल ‘सीडीसी एनसीएम’. दोन्ही कर्नलबरोबरच येतात, डाउनलोड करायचं काही नसतं. ‘ड्रायव्हर डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका.

मग मॉड्यूल चढत का नाही? ‘काल चालत होतं’वाल्यांचं उत्तर इथे आहे. आर्च किंवा मांजारोसारख्या वितरणांत कर्नल अपडेट झाला की जुन्या कर्नलची मॉड्यूलं डिस्कवरून काढली जाऊ शकतात, पण मशीन अजून जुन्याच कर्नलवर चालू असतं. फोन जोडल्यावर त्याला लागणारं मॉड्यूल सापडत नाही. उपाय एकच: रीस्टार्ट. उबुंटू आणि मिंटमध्ये जुन्या कर्नलची मॉड्यूलं सहसा राहतात, तरीही अपडेटनंतर विचित्र वागणूक दिसली तर आधी रीस्टार्ट करा. त्यानेही जमलं नाही, तर चालू करताना ग्रबच्या (कर्नल निवडून मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर चाललं तर दोष नव्या कर्नलचा आहे आणि पुढचं अपडेट येईपर्यंत जुन्यावर राहायला काहीच हरकत नाही.

आयफोनवाल्यांसाठी रस्ता जरा वेगळा. केबल लावल्यावर फोन अनलॉक करून ‘ट्रस्ट’ला होकार द्यावा लागतो आणि लॅपटॉपवर आयफोनशी बोलणारा यूएसबीमक्सडी हा प्रोग्राम चालू असावा लागतो. ‘पर्सनल हॉटस्पॉट’ही चालू हवा. ड्रायव्हरचं नाव ‘आयपीहेथ’, तोही कर्नलमध्येच. २०२० मध्ये आयओएस १४ आलं तेव्हा जुन्या कर्नलवर हे टेदरिंग मोडलं होतं आणि कर्नलमध्येच दुरुस्ती झाली. त्यामुळे फार जुनं लिनक्स आणि नवा आयफोन ही जोडी असेल, तर आधी लिनक्स नवं करा.

दिसतो, पण पत्ता मिळत नाही

‘आयपी ए’ अशी कमांड द्या. फोनचं कार्ड कधी ‘यूएसबी०’ नावाने, कधी ‘ईएनपी’ किंवा ‘ईएनएक्स’ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाने दिसतं. त्याखाली आयपी पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक) आहे का बघा. जुन्या अँड्रॉइडवर तो १९२.१६८.४२ ने सुरू व्हायचा आणि फोन स्वतः १९२.१६८.४२.१२९ असायचा. अँड्रॉइड ११ पासून फोन वेगवेगळे पत्ते निवडतो, म्हणून जुन्या लेखातला पत्ता हाताने भरू नका.

पत्ता नसेल, तर नेटवर्क मॅनेजरने मागितला आणि फोनने दिला नाही. ४५ सेकंद वाट बघून तो नाद सोडतो, ते पाऊण मिनिटाचं चक्र हेच. टेदरिंग बंद-चालू करा. तरी नाही, तर फोन रीस्टार्ट करा. त्यानंतर लॅपटॉपवर जुनी कनेक्शन्स तपासा. अनेक अँड्रॉइड फोन टेदरिंग चालू करताना दर वेळी नवा हार्डवेअर पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) घेतात. ‘ईएनएक्स’वालं नाव त्या पत्त्यावरूनच बनतं, म्हणून नावही दर वेळी बदलतं. तुम्ही किंवा तुमच्या आधी कुणीतरी कनेक्शन एका ठरावीक पत्त्याला बांधून ठेवलं असेल, तर ते आज जुळणार नाही. नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीतली ‘वायर्ड कनेक्शन २’, ‘३’, ‘४’ अशी रांग पुसून टाका, फोन जोडा आणि नवं आपोआप बनू द्या. स्थिर आयपी, हाताने भरलेला गेटवे असलं काही ठेवू नका.

नेटवर्क मॅनेजरच नसलेल्या मशीनवर, म्हणजे उबुंटू सर्व्हरवर, कार्ड दिसतं पण त्याला कुणी वालीच नसतो. तिथे नेटप्लॅनच्या (नेटवर्कच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या कार्डाला डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप मागून घेणं, चालू करून द्यावं लागतं.

पत्ता आहे, साइट उघडत नाही

तीन पिंग, याच क्रमाने. पिंग म्हणजे समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड: ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता किंवा नाव द्यायचं. आधी ‘आयपी राउट’ देऊन ‘डिफॉल्ट व्हाया’पुढचा पत्ता टिपा. तो फोनचा. त्याला पिंग करा. उत्तर आलं, तर केबल, ड्रायव्हर, पत्ता सगळं निर्दोष सुटलं. काही फोन पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा इथे अडून न बसता पुढे जा. मग ८.८.८.८ ला पिंग करा. इथे थांबलं तर अडचण फोन आणि मोबाइल कंपनी यांच्यामधली आहे. शेवटी एखाद्या साइटच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

डीएनएसचा दोष निस्तरायला सोपा. कनेक्शनच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरा आणि कनेक्शन बंद-चालू करा. लॅपटॉपवर कधी व्हीपीएन टाकलं होतं का तेही आठवा. व्हीपीएनचा प्रोग्राम अर्ध्यात बंद पडला की त्याचा ‘किल स्विच’ मागे राहतो आणि सगळी वाट अडवून बसतो. तो प्रोग्राम उघडून रीतसर डिस्कनेक्ट करा.

‘आयपी राउट’मध्ये दोन ‘डिफॉल्ट’ ओळी दिसल्या तर त्यांचे मेट्रिक (कोणती वाट आधी घ्यायची ते ठरवणारे आकडे) बघा. लहान आकड्याला मान आधी. वायर्डचा मूळ आकडा १००, वायफायचा ६००. त्यामुळे फोन लावला की वायफायपेक्षा त्याला अग्रक्रम मिळतो. घरी वायफायवर बसलात, फोन नुसता चार्जिंगला लावला आणि वर सांगितलेलं आपोआप टेदरिंग चालू असेल, तर मोबाइलचा पॅक खर्च होतो तो असा. उलट, बंद पडलेल्या राउटरची लॅन केबल जोडलेली असेल तर तीही फोनची वाट अडवू शकते. ती काढून बघा.

८.८.८.८ वरच अडलं, फोनवर मात्र नेट व्यवस्थित आहे, तर एपीएन. फोनच्या मोबाइल नेटवर्क सेटिंगमध्ये जिओला ‘जिओनेट’, एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’ अशी नावं असतात. त्यात ‘एपीएन टाइप’ नावाचा रकाना असतो. काही फोनमध्ये टेदरिंगसाठी ‘डीयूएन’ हा प्रकार त्या रकान्यात असावा लागतो. नसेल तर स्वल्पविराम देऊन जोडा. रकाना उघडतच नसेल, तर एपीएन ‘रीसेट टू डिफॉल्ट’ करा आणि फोन रीस्टार्ट करा.

काही साइट उघडतात आणि काही लटकतात, तेव्हा संशय एमटीयूवर, म्हणजे एका वेळी पाठवायच्या गठ्ठ्याच्या कमाल आकारावर. लॅपटॉप १५०० बाइटचे गठ्ठे पाठवतो. मोबाइलच्या जाळ्यात जुन्या आयपीव्ही४चं आयपीव्ही६मध्ये रूपांतर होतं, तेव्हा वीस बाइटचं शीर्षक चाळीस बाइटचं होतं, आणि वाटेत आणखीही वेष्टनं चढतात. काठोकाठ भरलेला गठ्ठा मग मावत नाही आणि गुपचूप गळतो. लहान पानं येतात, मोठी अडकतात. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयूचा रकाना आहे, उबुंटूत ‘आयडेंटिटी’ टॅबमध्ये, मिंटच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये ‘इथरनेट’ टॅबमध्ये. तिथे १४०० लिहा. फरक पडला नाही तर परत ‘ऑटोमॅटिक’ करा, उगीच ठेवू नका.

जुन्या लॅपटॉपचा सीमॉस सेल (आतलं घड्याळ चालू ठेवणारा) संपलेला असला की घड्याळ मागच्या सालात जातं आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करतो. कोपऱ्यातली तारीख बघा. सीआर२०३२ सेल स्वस्तात मिळतो.

हात न लावता तुटतं

दर काही मिनिटांनी, लॅपटॉप रिकामा बसलेला असताना तुटत असेल आणि डीएमईएसजीमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ उमटत असेल, तर वीज वाचवण्याची व्यवस्था तपासा. बॅटरी जास्त टिकावी म्हणून अनेक जण टीएलपी हा प्रोग्राम टाकतात. ते वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवतं आणि काही फोन त्या झोपेतून उठत नाहीत. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘यूएसबी एक्सक्लूड फोन’ अशी ओळ आहे. सुरुवातीचं हॅश चिन्ह पुसा, शून्याचा एक करा, टीएलपी पुन्हा सुरू करा. पॉवरटॉप या तशाच प्रोग्रामचं ‘ऑटो-ट्यून’ दर वेळी चालवत असाल, तर ते थांबवून बघा. उन्हाळ्यात उशीवर ठेवलेला, चार्जिंग आणि ४जी दोन्ही चालू असलेला फोन तापूनही हात टेकतो. त्याला टेबलावर, कव्हर काढून ठेवा.

कुठे थांबायचं

फोनचं सॉकेट सैल असेल, तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगचं सॉकेट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं आणि तेवढाच भाग बदलता येतो. बदलून घेतल्यावर दुकानातच संगणकाला लावून फाइल दिसते का बघा. स्वस्तातल्या बदली बोर्डावर चार्जिंग चालतं आणि डेटा चालत नाही, असं होतं.

‘ओव्हर-करंट’ येत असेल, पोर्ट गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर लॅपटॉप बंद करून हार्डवेअरवाल्याकडे न्या. हे सॉफ्टवेअरने सुटत नाही आणि प्रयोग करत राहिलात तर बोर्ड जाऊ शकतो.

लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि यूएसबी जाणूनबुजून बंद केलेलं असेल, तर आयटी विभागाला सांगा. आडवाट शोधू नका, नोकरीचा प्रश्न होतो. सिम कंपनीच्या नावावरचं असेल आणि फोनवर नेट चालूनही कोणत्याच मार्गाने टेदरिंग होत नसेल, तर त्या योजनेत ते बंद असू शकतं. कस्टमर केअरला विचारा.

आणि कर्नल स्वतः कंपाइल करा, ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती करा, असं कुणी सुचवायला लागलं की थांबा. तोवर काम अडायला नको म्हणून वायफाय हॉटस्पॉट वापरा, नाहीतर ब्लूटूथ टेदरिंग. ब्लूटूथ हळू आहे, पण मेल आणि फॉर्म भरण्यापुरतं पुरतं. नव्या इन्स्टॉलनंतर लॅपटॉपचं वायफाय कार्डच चालत नसेल (ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचं बहुधा असंच होतं), तर केबलने शेजाऱ्याचा दुसरा फोन लावून पाहा आणि तेवढ्या वेळात मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर उतरवून घ्या.

जाणकाराकडे जाताना फोन, केबल आणि लॅपटॉप तिन्ही न्या. फोनवरून विचारणार असाल, तर केबल लावतानाच्या डीएमईएसजीच्या ओळी, ‘आयपी ए’ आणि ‘आयपी राउट’ यांचे फोटो काढून पाठवा. त्यातला हार्डवेअर पत्ता झाकलात तरी चालेल.